न बघितलेला खटका

शर्यत जोडीनं पळायची होती, आणि कांचनची जोडी सरलाताईशी ठरलेली होती.

व्हरमाँटमधल्या एका छोट्याशा डोंगरावर मार्चच्या पहिल्या शनिवारी ही शर्यत भरते. पायाला स्की बांधून डोंगर चढायचा, माथ्यावर पोचलं की त्याच स्कीवरून घसरत खाली यायचं, असं तीनदा. जोडीतल्या दोघींनी एकमेकींपासून फार लांब जायचं नाही, नाहीतर जोडी बाद. सरलाताईनं ऑक्टोबरातच दोघींची नावं घालून टाकली होती आणि मग फोन करून कळवलं होतं. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," एवढंच तिचं स्पष्टीकरण.

सरलाताई त्रेपन्न वर्षांची. मूळची नागपूरची, आता एडिसनला राहणारी, कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवणारी. तिची स्मरणशक्ती तिथल्या मराठी मंडळात प्रसिद्ध होती. कुणाचा फोन नंबर हवा असला तर लोक मोबाइल चाळायच्या आधी तिच्याकडे बघायचे. कांचन नाशिकची, चव्वेचाळिशीची, एका बँकेत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायची आणि जर्सी सिटीत एकविसाव्या मजल्यावर एकटी राहायची. घटस्फोटाला सहा वर्षं झाली होती. मुलगी अनिका शिकायला ॲन आर्बरला गेली त्या हिवाळ्यात तर शनिवार-रविवार तोंडातून शब्द निघत नसे. तेव्हाच मंडळाच्या संक्रांतीला सरलाताई तिच्या शेजारी येऊन बसली होती.

"रविवारी काय करतेस?"

"कपडे धुते."

"या रविवारी धुऊ नकोस."

तिथून सुरू झालं. पहिल्या वर्षी कांचन पडायलाच शिकली. चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे पाय मागे घसरत नाही. उतरताना त्या सोलून जॅकेटच्या आत कोंबायच्या. हे करताना वाऱ्यानं एकदा तिची पट्टी उडून थेट एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या पाठीला चिकटली आणि तो ती घेऊनच खाली गेला. दोघी बर्फात बसून इतक्या हसल्या की कांचनला उठवेना. दुसऱ्या वर्षी वाट चुकून त्या भलत्याच दरीत उतरल्या. एका शेतकऱ्यानं त्यांना पिकअपमध्ये मागे बसवून परत आणून सोडलं, आणि सरलाताईनं त्याला डब्यातले मेथीचे पराठे खायला लावले, लोणच्यासकट. खजुराचे लाडू थंडीत दगड होतात, म्हणून ते बनियनच्या आत काखेशी ठेवायचे, हा शोधही तिचाच. उन्हाळ्यात त्या कांचनच्या इमारतीचे जिने चढायच्या, पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन. सरलाताई पायऱ्या मोठ्यानं मोजायची आणि मूळ संख्या आली की टाळी वाजवायची.

सरलाताईचा वेग बेताचा होता. पण ती थांबायची नाही, आणि तिच्याबरोबर गेलेला दिवस कधी वाया गेला नाही.

या हिवाळ्यात त्यांच्यात अंतरा आली. सरलाताईच्या शेजाऱ्यांची मुलगी, सत्तावीस वर्षांची, इथेच जन्मलेली, लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स. वाऱ्यासारखी चढायची. तिची जोडीदारीण जानेवारीत नोकरी बदलून डेन्व्हरला गेली आणि अंतरा एकटी उरली, तरी सरावाला यायची. आणि अंतराच्या मागे लागून चढताना कांचनला स्वतःबद्दल एक नवीनच गोष्ट कळली. आपण जोरात चढू शकतो. छाती भात्यासारखी चालते, मांड्या पेटतात, आणि तरी आतून काहीतरी म्हणतं, अजून. माथ्यावर पोचून मागे वळलं की सरलाताईची लाल टोपी खाली कुठंतरी झाडांमध्ये हळूहळू वर येताना दिसायची. मग थांबायचं. घाम गार होईपर्यंत थांबायचं.

"मावशी, you and I would be so good together," अंतरा एकदा म्हणाली. सहज म्हणाली. कांचन हसली आणि तिनं विषय बदलला. पण ते वाक्य तिनं चार दिवस जपून ठेवलं. भांडी घासताना, ट्रेनमध्ये, मीटिंगमध्ये. सरलाताईला काही काम निघालं तर? कॉलेजची परीक्षा वगैरे? असा विचार मनात आला की ती तो झटकायची, आणि झटकण्याआधी क्षणभर त्याच्याकडे बघायची.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तिघी गेल्या होत्या. आभाळ स्वच्छ होतं, बर्फ कडक. अंतरा आणि कांचन माथ्यावर पोचल्या तेव्हा सरलाताई पाव तास मागे होती. ती आली, धापा टाकत, हसत, वाटेत दिसलेल्या कुठल्याशा पक्ष्याचं सांगत. अंतराच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, ती म्हणाली, "मी सुटते, खाली भेटू," आणि गेलीसुद्धा.

उतरण्याआधी त्या दोघींची एक ठरलेली रीत होती. चढताना बुटाची टाच मोकळी असते आणि चवड्याकडचा खटका वर ओढून घट्ट केलेला असतो. उतरताना तो खाली करायचा असतो. तो वरच राहिला तर पडल्यावर स्की पायातून सुटत नाही, आणि स्की सुटली नाही की मग पाय मोडतो. म्हणून दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, वाकून एकमेकींचे खटके बघायचे आणि 'बघितलं' म्हणायचं. ही रीत सरलाताईनंच पाडली होती, गणिताचा ताळा करतात तशी.

त्या दिवशी सरलाताईनं वाकून कांचनचे खटके बघितले. "बघितलं. माझे?"

कांचनची नजर खाली अंतराच्या पिवळ्या जॅकेटवर होती. ती वळणामागे दिसेनाशी होत होती. पाव तास थांबून बोटं बधिर झाली होती.

"बघितलं," कांचन म्हणाली, आणि सुटली.

तिनं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या वळणावर मागून आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, नुसता एक हुंकार, जड पिशवी टाकताना निघतो तसा. कांचन आडव्या पावलांनी वर चढत पोचली तेव्हा सरलाताई कुशीवर पडलेली होती आणि उजवी स्की अजून पायात होती, भलत्याच दिशेला तोंड करून. कांचनच्या हाका ऐकून अंतराही स्की काढून खालून धावत आली. तिनं एका नजरेत सगळं बघितलं, गुडघ्यावर बसली आणि अंगठ्यानं खटका खाली दाबला. खट्‌ असा आवाज झाला.

"It was locked," अंतरा म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही.

डोंगरावरच्या गस्तीची माणसं बर्फावरची घसरगाडी घेऊन आली. नडगीचं हाड पिळवटून मोडलं होतं, आत सळई घालावी लागणार होती. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे झाल्यावर, वेदनेचं औषध चढत असताना, सरलाताईनं कांचनचा हात धरला.

"कांचन, आपण बघितलं होतं ना गं? मी विचारलं, तू 'बघितलं' म्हणालीस. मला स्पष्ट आठवतंय."

एका वाक्याचं काम होतं. कांचनच्या जिभेवर ते आलंही होतं. पण दारात नर्स उभी होती, अंतरा उभी होती, सरलाताईचा नवरा संजीव एडिसनहून गाडी हाणत येत होता आणि त्याला हेच सगळं परत सांगावं लागणार होतं.

"नाही गं ताई," ती म्हणाली. "आज आपण बघितलंच नाही बहुतेक. घाईत होतो."

"मग मला कसं आठवतंय?"

"औषधानं असेल."

सरलाताईनं हात सोडला नाही. ती छताकडे बघत राहिली आणि कपाळाला आठी घालून काहीतरी जुळवत राहिली.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. आवाज खणखणीत. "ऐक, मी शर्यतवाल्यांना ईमेल केलाय. जोडीदार बदलता येतो. तू आणि अंतरा पळा. फुकट घालवू नकोस तयारी."

"ताई, मला नाही जमणार. तुझ्याशिवाय नाही."

"नाटकं करू नकोस. चूक माझी झाली, त्याची शिक्षा तुला कशाला?"

चूक माझी झाली. हे ती सगळ्यांना सांगत होती. मंडळातल्या बायका भेटायला यायच्या, त्यांनाही हसत हसत सांगायची, की खटका खाली करायला विसरले, वय झालं आता. संजीव हसायचा नाही. तो म्हणायचा, "त्रेपन्नाव्या वर्षी ही थेरं, आणि वर निष्काळजीपणा." तिची स्की विकून टाकायचं त्यानं ठरवलं होतं. कांचन तिथेच सोफ्यावर बसून हातातला चहा ढवळत राहायची.

आणि मग शनिवारी पहाटे अंतराची गाडी इमारतीखाली हॉर्न वाजवायची.

ते पाच आठवडे कांचनच्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे होते. ही गोष्ट ती पुढेही कुणाला सांगू शकली नाही. कॅट्सकिल्सच्या डोंगरातल्या एका ओढ्यात अंतरा कमरेपर्यंत बुडाली आणि दोघींनी गाडीत हीटरसमोर तिची पँट झेंड्यासारखी धरून वाळवली. एका वादळात डोंगराच्या माथ्यावरच्या बंद लाकडी खोपटाच्या आडोशाला तीन तास अडकल्या आणि अंतरानं तिला इंग्रजी शिव्यांमधले बारकावे समजावून सांगितले. कांचननं नाशिकचे खास शब्द तिला शिकवले. ताज्या बर्फात पहिली रेघ ओढत दोघी खाली आल्या तेव्हा कांचन मोठ्यानं ओरडली, वीस वर्षांची असल्यासारखी. आणि ओरडणं संपायच्या आत तिला एडिसनमधला तो पलंग दिसला, उशीवर उंच ठेवलेला पाय दिसला. दर वेळी असंच व्हायचं. हसू फुटायचं आणि पाठोपाठ तोंडात कडवटपणा यायचा. परतताना ती सरलाताईसाठी काहीतरी घ्यायची, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून पेढे, ताजी मेथी, मासिकं. सरलाताई म्हणायची, "किती करतेस गं माझ्यासाठी." त्यानंतर तर कांचन पुढच्या दुकानात अजूनच मोठी पिशवी भरायची.

सांगायचं, असं ती रोज ठरवायची. आधी सळई बसू दे म्हणाली, मग टाके निघू देत म्हणाली, मग शर्यत होऊ दे म्हणाली.

शर्यतीच्या आठवड्यात, सोमवारी दुपारी, तिच्या ऑफिसात संजीवचा फोन आला. तो कधी फोन करायचा नाही.

"कांचन, गुरुवारी सुट्टी काढू शकशील का? सरलाला एका डॉक्टरकडे न्यायचंय. मी शिकागोला आहे, आणि ती उबर नको म्हणते. तुझ्याबरोबर जाईन म्हणाली."

"नेते ना. पायासाठी?"

तो म्हणाला, "नाही. मेमरी क्लिनिक आहे."

कांचनला आधी कळलंच नाही.

"तुला माहीत असेल, तिच्या आईला विसरण्याचा आजार होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू झाला. शेवटी ही नागपूरला गेली तर आईनं तिला कामवाली समजून भांडी कुठे आहेत ते दाखवलं. सरलानं ते मनाला फार लावून घेतलंय. आणि आता या अपघातात तिला वेगळंच आठवतंय. तू 'बघितलं' म्हणालीस, असं तिला दिसतं म्हणे, डोळ्यांपुढे, तुझ्या आवाजासकट. पण तू तर म्हणालीस की तसं काही झालंच नाही. मग न घडलेलं आठवायला लागलं का आपल्याला, हे तिच्या डोक्यात बसलंय. रोज सकाळी उठून काल काय जेवलो ते वहीत लिहिते आणि मला दाखवते, बरोबर आहे का म्हणून. वर्गात सूत्र लिहिताना हात थांबेल म्हणून कॉलेजला राजीनामा देणार म्हणते. मी तिला निष्काळजी म्हणत होतो. मला कुठे ठाऊक होतं हे."

फोन ठेवल्यावर कांचन बाथरूममध्ये गेली आणि दार लावून नळ सोडून उभी राहिली. आजवर तिला वाटत होतं, आपण एक पाय मोडलाय.

गुरुवारी सरलाताई मागच्या सीटवर आडवा पाय टाकून बसली. मांडीवर वही. रस्ताभर ती वेगळ्याच गोष्टी बोलत होती, शनिवारी हवा चांगली आहे, स्कीला मेण कुठलं लावणार, लाडू मी करून ठेवलेत. आरशात तिचा चेहरा अर्धाच दिसत होता. कांचन 'हो', 'हो' करत होती. क्लिनिकच्या आवारात गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि आता ही दार उघडेल, कुबड्या मागेल, असं दिसल्यावर कांचन उतरली. तिनं मागचं दार उघडलं आणि तिथेच डांबरावर उकिडवी बसली, सरलाताईचा चेहरा समोर येईल अशी.

"ताई, तुला बरोबर आठवतंय. मी 'बघितलं' म्हणाले होते."

सरलाताईनं वहीवरचा हात उचलला.

"तू विचारलंस आणि मी 'बघितलं' म्हणाले. न बघता म्हणाले. अंतरा पुढे गेली होती, मला तिला गाठायचं होतं."

गाड्या येत-जात होत्या. एका बाईनं व्हीलचेअर ढकलत त्यांच्या बाजूनं वाट काढली. सरलाताई बोलली तेव्हा आवाज वर्गातल्यासारखा होता, एकेक पायरी तपासणारा.

"तू बघितलं नाहीस, की बघून बोलली नाहीस?"

"बघितलं नाही."

"आणि हॉस्पिटलात मी विचारलं तेव्हा तुला आठवत होतं?"

"हो."

"स्पष्ट?"

"स्पष्ट."

"अजून काही आहे?"

कांचनला वाटलं, नाही म्हणावं. "मला अंतराबरोबर पळायचं होतं," ती म्हणाली. "त्याच्या आधीपासून."

"ते मला दिसत होतं. मी आंधळी नाही." सरलाताईनं वही मिटली. "पाय मोडला तो मोडला, कांचन. खटका माझ्या पायाला होता, तो खाली करायचं काम माझं होतं. पण पाच आठवडे मी रोज उठून आरशात आईला शोधतेय. तू घरी येऊन बसायचीस, पेढे द्यायचीस, आणि मी तुझ्यासमोर सोफ्यावर वेडी होत होते."

"ताई..."

"कुबड्या दे."

"आता कशाला जायचं आत? मी सांगितलं ना—"

"तू सांगितलंस," सरलाताई म्हणाली. "तू तेव्हाही सांगितलं होतंस. मला डॉक्टरलाच विचारू दे."

दीड तास कांचन बाहेरच्या खुर्चीवर बसून होती. सरलाताई बाहेर आली, म्हणाली, "काही नाही म्हणतात. माझ्या वयाच्या मानानं उत्तमच म्हणतात," आणि बाकी रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिली. घरी पायऱ्यांपाशी तिला आधार देताना कांचन म्हणाली, "मी शनिवारचं नाव काढून घेते."

सरलाताईनं तिचा हात बाजूला केला आणि कठडा धरला. "ते तुझं तू बघ. ते माझ्यावर टाकू नकोस."

शुक्रवारी व्हरमाँटच्या वाटेवर कांचननं अंतराला सगळं सांगितलं. अंतरानं गाडी पुढच्या पेट्रोल पंपावर घेतली आणि इंजिन बंद केलं.

"Wait. तू तिला खोटं सांगितलंस? While she was lying there?"

"हो."

"And you let me think... मावशी, मी पाच आठवडे हसतेय तुझ्याबरोबर."

"मी पण हसतेय. तेच तर."

अंतरा स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिली. "मी पण थांबले नव्हते त्या दिवशी," ती म्हणाली. "आई नेहमी म्हणते, मी कुणासाठी थांबत नाही."

"ते तुझ्याकडे घेऊ नकोस. तू कुणाला 'बघितलं' म्हणाली नव्हतीस."

"I'm still really mad at you."

"राहा. तुला पळायचं नसेल तर आपण इथूनच परत जाऊ."

"No. मी सहा महिने ट्रेन केलंय. तू आता मलाही सोडणार का?" तिनं चावी फिरवली.

शनिवारी ऊन पडलं होतं. बासष्ट जोड्या ओळीनं उभ्या होत्या, भोंगा वाजला आणि सगळा घोळका एकदम डोंगराला भिडला. कांचननं ठरवलं होतं की आज काही वाटून घ्यायचं नाही, नुसतं पळायचं आणि संपवायचं. पहिल्या चढावर ते जमलं. माथ्यावर तिनं अंतराचे दोन्ही खटके वाकून, हातमोजा काढून, बोटानं तपासले, आणि अंतरानं तिचे. तेवढ्यात तीन जोड्या पुढे गेल्या. दुसऱ्या चढावर श्वास लागला. तिसऱ्या चढावर मात्र अंतरा मागे पडली, चक्क मागे पडली, आणि कांचननं तिच्या पिशवीचा पट्टा स्वतःच्या कमरेच्या दोरीला अडकवून तिला ओढायला सुरुवात केली. झाडांमधून ऊन येत होतं, बर्फ साखरेसारखा चुरचुरत होता, मागून अंतरा धापा टाकत शिव्या देत होती, नाशिकच्या. आणि कांचनला हसू फुटलं. ते अडवायचा तिनं प्रयत्न केला, अडेना. आनंद झाला होता. लाज वाटत असताना, डोळे भरलेले असताना, आनंद झालाच.

बायकांच्या जोड्यांत त्या सहाव्या आल्या. शेवटच्या रेषेपाशी लोक आपापल्या माणसांना मिठ्या मारत होते. अंतरानं तिला मिठी मारली, घट्ट, मग बाजूला होऊन स्की पुसत बसली.

रविवारी कांचन एडिसनला गेली. दार संजीवनं उघडलं. "काय, जिंकलात का?" तो हसत म्हणाला, आणि तिला कळलं की सरलाताईनं त्याला काही सांगितलेलं नाही. सरलाताई खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तूच सांग."

कांचननं उभ्या उभ्याच सांगितलं. यावेळी तिनं मधे काही घातलं नाही, घाई होती, थंडी होती, काही नाही. मी न बघता म्हणाले, आणि मग विचारल्यावर खोटं बोलले. संजीव ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला, मग कडक झाला. तो आत गेला. स्वयंपाकघरात पाणी सोडल्याचा, आलं ठेचल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोन कप होते. एक त्यानं सरलाताईला दिला, दुसरा घेऊन तो स्वतः समोर बसला.

कांचन बसली नाही. तिनं पर्स उचलली. दारापाशी गेल्यावर मागून सरलाताईचा आवाज आला.

"मंगळवारी फिजिओथेरपी आहे. साडेनऊला. संजीवला ऑफिस असतं."

"मी येईन," कांचन म्हणाली.

त्या मंगळवारी गेली, आणि पुढच्याही. ऑफिसातून अर्धा दिवस रजा टाकायची, जर्सी सिटीहून एडिसनला यायचं, सरलाताईला न्यायचं, तासभर गाडीत बसून राहायचं, परत सोडायचं. सरलाताई पेढे घेत नसे, मेथी घेत नसे. "नको," एवढंच म्हणायची. तिनं कॉलेजात राजीनामा दिला नाही, एप्रिलपासून ती वर्गावर जाणार होती. हे कांचनला तिच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. तिनं स्वतःहून सांगितलं नाही. मागच्या सीटवरून दोघींमध्ये रस्त्यापुरतं बोलणं व्हायचं. डावीकडे घे, सिग्नल लाल आहे.

चौथ्या मंगळवारी ती पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली. एक कुबडी सुटली होती. बर्फ वितळून रस्त्याच्या कडेला काळे ढीग उरले होते.

"तिसऱ्या चढावर बर्फ कसा होता?" तिनं अचानक विचारलं.

खराब होता, असं म्हणावं असं कांचनच्या मनात आलं. तुझ्याशिवाय मजा आली नाही, असं म्हणावं. दोन्ही सहज म्हणता आलं असतं.

"छान होता," ती म्हणाली. "साखरेसारखा. ताई, मला फार मजा आली."

सरलाताई समोर बघत राहिली. "यायचीच," ती म्हणाली. "मी तिथं दोनदा गेलेय. तो चढ आहेच तसा." आणि मग, "मला अजून राग आहे."

"माहीत आहे."

"जाईल की नाही, ते मला ठाऊक नाही."

कांचननं मान हलवली. फिजिओथेरपीच्या आवारात जागा शोधत तिनं दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला कोपऱ्यात एक मिळाली. सरलाताईनं स्वतःच दार उघडलं, स्वतःच कुबडी ओढून घेतली.

"पुढच्या मंगळवारी दहा मिनिटं आधी ये," ती म्हणाली. "इथं साडेनऊला जागा मिळत नाही."